‘संशोधनाने सिद्ध’ म्हणजे नेमके काय? शोधनिबंधाची तपासणी कशी होते ते समजून घेऊ



‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे चार शब्द आजकाल वस्तीत सगळीकडे ऐकू येतात. मोबाईलवर आलेल्या व्हिडिओत असतात, बाजाराच्या दिवशी गाडी लावून चूर्ण विकणाऱ्याच्या भोंग्यात असतात, गुळगुळीत कागदावर छापलेल्या पत्रकातही असतात. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमध्ये हे शब्द सिकलसेलच्या रुग्णांच्या घरी हमखास पोचतात. ‘तीन महिन्यांत एसएसचा एएस करून देतो, परदेशातल्या जर्नलमध्ये छापून आले आहे,’ असे सांगणारा कोणीतरी येतो. काही हजार रुपये घेतो. जाता जाता ‘दवाखान्याची गोळी बंद करा, ती गरम पडते,’ असेही सांगून जातो. गोळी बंद केलेल्या लेकराला पुढे वेदनांचा झटका येतो, तेव्हा तो माणूस दुसऱ्या गावी निघून गेलेला असतो.

सिकलसेलचा एसएस पॅटर्न हा आई आणि वडील या दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे असतो. चूर्ण, काढा किंवा गोळी घेऊन एसएसचा एएस होत नाही. हे आम्ही अनेक सभांत सांगितले. तरी एक प्रश्न दरवेळी येतोच: ‘पण ताई, छापून आले आहे ना?’ हा प्रश्न चुकीचा नाही. छापून आलेल्या गोष्टीला आपण मान देतो, कारण शिक्षणासाठी आपल्या आजी-आजोबांनी किंमत मोजली आहे. म्हणूनच या वेळच्या आरोग्य पानावर औषधाऐवजी छापण्याबद्दलच लिहीत आहोत. वैद्यकीय जर्नल म्हणजे काय, त्यात लेख छापण्याआधी त्याची तपासणी कोण आणि कशी करते, आणि त्या तपासणीवर किती विसंबावे, हे पाहू.

कालामांचा प्रश्न आणि आपला प्रश्न

केसपुत्त गावच्या कालामांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. एकामागून एक उपदेशक येत, स्वतःचे मत खरे आणि दुसऱ्याचे खोटे म्हणत. कोणाचे मानावे, असे कालामांनी भगवान बुद्धांना विचारले. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात लिहिले आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. ते तपासा आणि हिताचे आहे का ते पाहा, अशी शिकवण त्यांना मिळाली.

वैद्यकशास्त्राने हीच गोष्ट आपल्यापुरती रोजच्या कामात बसवली आहे. एखाद्या डॉक्टरने ‘माझ्या औषधाने रुग्ण बरे झाले’ असे म्हटले तर त्याचे शास्त्र म्हणते, ‘तुझा शब्द पुरेसा नाही. काय केले, कोणावर केले, कसे मोजले ते लिहून दे. त्याच विषयातले दुसरे जाणकार तपासतील.’ या तपासणीला पीअर रिव्ह्यू म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा, रिव्ह्यू म्हणजे तपासणी. मराठीत आपण ‘बरोबरीच्या जाणकारांकडून परीक्षण’ म्हणू.

जर्नल म्हणजे काय?

जर्नल म्हणजे संशोधकांचे नियतकालिक. आपले हे मासिक समाजासाठी निघते, तसे जर्नल एखाद्या विषयातल्या अभ्यासकांसाठी निघते. लंडनच्या रॉयल सोसायटीशी जोडलेले ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ १६६५ साली सुरू झाले. वैद्यकातली दोन नावे वारंवार कानावर येतात. अमेरिकेतले ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ १८१२ पासून निघते आणि इंग्लंडमधले ‘लॅन्सेट’ १८२३ पासून. आपल्या देशात ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ १९१३ पासून निघते.

पूर्वी पुष्कळ ठिकाणी संपादकच वाचून ठरवत असे. बाहेरच्या परीक्षकांकडून नियमित तपासणी करून घेण्याची आजची पद्धत विसाव्या शतकात पक्की झाली. ‘लॅन्सेट’सारख्या जुन्या जर्नलनेही ती १९७६ मध्ये नियमितपणे स्वीकारली. म्हणजे ही माणसांनी चुका पाहत पाहत बसवलेली व्यवस्था आहे. ती पवित्र नाही, आणि निरुपयोगीही नाही.

एका शोधनिबंधाची गोष्ट

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आपल्या अनेक घरांत आहे. पूर्वी ते रक्ताच्या काही कर्करोगांत वापरत. सिकलसेलमध्ये त्याचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी अमेरिका आणि कॅनडातल्या २१ केंद्रांत २९९ प्रौढ रुग्णांवर अभ्यास झाला. चिठ्ठी टाकावी तशी वाटणी झाली. १५२ जणांना खरे औषध मिळाले आणि १४७ जणांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते.

औषध घेणाऱ्यांना वर्षाला साधारण २.५ वेळा वेदनांचे झटके आले, न घेणाऱ्यांना ४.५ वेळा. छातीत होणारा जीवघेणा त्रासही औषध घेणाऱ्यांत कमी झाला आणि रक्त चढवण्याची गरज कमी पडली. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरलेल्या मुदतीआधीच थांबवला. त्याचा शोधनिबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मे १९९५ मध्ये छापला गेला.

असा निबंध जर्नलकडे गेला की साधारण पुढच्या पायऱ्या असतात.

पहिली पायरी जर्नलच्या कार्यालयातली. निबंधात ठरलेले भाग आहेत का, ते पाहतात: प्रश्न काय होता, पद्धत कोणती, निष्कर्ष काय निघाले, त्यांचा अर्थ काय. नीतिमत्ता समितीची परवानगी होती का? रुग्णांची लेखी संमती घेतली होती का? पैसा कोणी दिला? लेखकांचे औषध कंपनीशी काही आर्थिक संबंध आहेत का? औषधाचा प्रयोग असेल तर तो सुरू होण्याआधी सरकारी नोंदवहीत नोंदवला होता का? आपल्या देशात अशी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. आधी नोंद केली की, नंतर आकडे बघून प्रश्नच बदलून टाकण्याची चलाखी पकडता येते. एकच निबंध एका वेळी दोन जर्नलकडे पाठवायचा नाही, असाही नियम आहे.

दुसरी पायरी संपादकाची. विषय नवा आहे का, पद्धत बरी आहे का, हे तो पाहतो. मोठ्या जर्नलकडे येणारे बरेचसे निबंध इथूनच परत जातात.

तिसरी पायरी परीक्षकांची. संपादक त्याच विषयातले दोन-तीन जाणकार निवडतो आणि निबंध त्यांच्याकडे पाठवतो. लेखकाचा सहकारी, नातलग किंवा त्या औषधात ज्याचा पैसा गुंतला आहे असा माणूस परीक्षक नसावा, असा नियम असतो. निबंध छापून येईपर्यंत परीक्षकाने त्यातली माहिती बाहेर सांगायची नसते. या कामाचे बहुतेक वेळा पैसे मिळत नाहीत. आज मी दुसऱ्याचे तपासतो, उद्या कोणी माझे तपासेल, या भावनेवर ते चालते.

परीक्षक काय विचारतो?

सिकलसेलच्या औषधाच्या निबंधावर जाणकार परीक्षक असे प्रश्न विचारतो:

रुग्ण किती होते? पाच-दहा रुग्णांवरून सगळ्यांचे ठरवता येत नाही.

तुलनेसाठी दुसरा गट होता का? सिकलसेलचे झटके कधी जास्त येतात, कधी आपोआप कमी होतात. चूर्ण घेतल्यावर दोन महिने झटका आला नाही, पण चूर्ण न घेताही तो आला नसता, हे कशावरून नाही? तुलना असल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही.

कोणाला औषध द्यायचे हे कोणी ठरवले? डॉक्टरने धडधाकट रुग्णांना औषध दिले आणि अशक्तांना दिले नाही, तर औषध आपोआप चांगले दिसेल. म्हणून चिठ्ठीची पद्धत.

मध्येच सोडून गेलेल्यांचे काय झाले? ते बरे झाले म्हणून गेले, की त्रास झाला म्हणून?

‘फायदा झाला’ म्हणजे काय मोजले? रक्ताचा आकडा वाढला, की वेदना खरोखर कमी झाल्या?

दुष्परिणाम सगळे सांगितले का? हायड्रॉक्सीयुरियामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. म्हणूनच हे औषध चालू असताना ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, आणि गर्भ राहिला असेल किंवा मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे लागते.

आणि शेवटचा प्रश्न: निष्कर्षात जे लिहिले आहे, ते आकड्यांतून खरोखर निघते का, की लेखकाने पदरचे घातले आहे?

परीक्षक आपली मते लेखी कळवतो. ती वाचून संपादक ठरवतो: निबंध घ्यायचा, थोड्या दुरुस्त्या करून घ्यायचा, मोठे बदल करून पुन्हा तपासायचा, की नाकारायचा. पहिल्याच फेरीत जसाच्या तसा स्वीकारलेला निबंध क्वचितच सापडतो. लेखकाला प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यावे लागते: इथे बदल केला, इथे केला नाही आणि का केला नाही. या सगळ्यात आठवडे जातात, कधी महिने जातात.

‘पुन्हा लिहून आणा’ हा अपमान नसतो

यावरून बाबासाहेबांच्या एका प्रबंधाची आठवण होते. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९२३ साली पहिल्या फेरीत मान्य झाला नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी तो पुन्हा सादर केला आणि नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. ही तपासणी पदवीसाठी होती, जर्नलसाठी नव्हे. पण रीत तीच आहे. आपले काम जाणकारांसमोर ठेवायचे, आक्षेप ऐकायचे, आणि पुन्हा उभे राहायचे.

या प्रबंधाच्या पुस्तकाला बाबासाहेबांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेतच त्यांनी बाबासाहेबांशी काही मुद्द्यांवर आपले मतभेद असल्याचे नोंदवले आहे. परीक्षण कसे असावे याचा हा चांगला नमुना आहे. परीक्षकाला तुमचे मत पटलेच पाहिजे असे नाही. तुमचा पुरावा आणि तुमची मांडणी कसाला उतरते का, एवढेच त्याने पाहायचे असते.

आडनाव झाकले तर?

आता ज्या गोष्टीची आपल्या समाजाला सर्वांत जास्त ओळख आहे, तिच्याकडे येऊ. तपासणारा माणूसच असतो, आणि माणसाच्या मनात भेद असतो.

१९८२ साली अमेरिकेतल्या पीटर्स आणि सेसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नामांकित विद्यापीठांतल्या लोकांचे आधीच छापून आलेले १२ निबंध त्यांनी घेतले. लेखकांची नावे बदलली, विद्यापीठाच्या जागी कोणी न ऐकलेल्या संस्थांची नावे घातली आणि ज्या जर्नलांनी ते छापले होते त्यांच्याकडेच परत पाठवले. १२ पैकी फक्त तीन निबंध ओळखले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले, तेही ‘पद्धतीत गंभीर दोष आहेत’ अशा कारणांनी. मजकूर तोच होता. बदलली होती ती नावे आणि संस्था.

आपल्याला याचे आश्चर्य वाटायचे कारण नाही. तोंडी परीक्षेत आडनाव ऐकल्यावर प्रश्नांचा सूर बदलतो, हे आपल्यापैकी अनेकींनी नर्सिंगच्या शिक्षणात आणि नोकरीच्या मुलाखतीत अनुभवले आहे. म्हणूनच दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. काही जर्नलांनीही हाच मार्ग धरला. तिथे लेखकाचे नाव परीक्षकाला कळत नाही आणि परीक्षकाचे लेखकाला. काही जर्नलांनी उलटा मार्ग धरला आणि सगळे उघड केले. इंग्लंडच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने १९९९ पासून परीक्षकांना आपले नाव लेखकांसमोर ठेवायला सांगितले. अंधारात राहून कोणाचे काम हाणून पाडता येऊ नये, हा त्यामागचा विचार. तिसरी आणि जुनी पद्धत म्हणजे परीक्षकाला लेखक माहीत, लेखकाला परीक्षक माहीत नाही. ती अजूनही पुष्कळ ठिकाणी चालते.

चाळणीतून काय निसटते?

परीक्षण ही चाळणी आहे. पिठाच्या चाळणीतून कोंडा अडतो, पण पिठात मिसळलेली भेसळ खाली येतेच. परीक्षक सहसा रुग्णालयात जाऊन रुग्ण पाहत नाही. केसपेपर चाळत नाही. प्रयोग पुन्हा करत नाही. लेखकाने जे लिहून दिले ते खरे धरून तो तपासतो. त्यामुळे प्रामाणिक चूक सापडण्याची शक्यता असते, ठरवून केलेला खोटेपणा बऱ्याचदा सुटतो. प्रामाणिक चुकाही सगळ्या सापडत नाहीत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या लोकांनी एका निबंधात मुद्दाम आठ चुका घालून तो परीक्षकांकडे पाठवला. उत्तर देणारे दोनशेहून अधिक होते. त्यांना सरासरी दोनच चुका सापडल्या, काहींना एकही नाही. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध छापला गेला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा ऑटिझमशी संबंध असू शकतो, असे त्यातून सुचवले होते. फक्त १२ मुले होती. तुलनेचा गट नव्हता. लस कंपन्यांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते, हे त्यात सांगितले नव्हते. ब्रायन डीअर या पत्रकाराने पुढे हे उघड केले. मुलांच्या नोंदी आणि निबंधातली माहिती जुळत नाही, हेही त्याने दाखवले. ‘लॅन्सेट’ने तो निबंध २०१० मध्ये पूर्णपणे मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचा डॉक्टरकीचा परवाना काढून घेतला गेला. मधल्या १२ वर्षांत ब्रिटनमधल्या आयांनी घाबरून लस टाळली आणि आटोक्यात आलेला गोवर पुन्हा पसरला. डेन्मार्कमध्ये पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात लस आणि ऑटिझम यांचा संबंध सापडला नाही. तरीही ती जुनी भीती आजही मोबाईलवरून आपल्या वस्तीत येते. लस टोचायला आलेल्या आशाताईला दारातून परत पाठवणाऱ्या घराला हा इतिहास जरूर सांगावा.

दुसरे उदाहरण कोरोनाच्या काळातले. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्येच हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनविषयी निबंध आला. ६७१ रुग्णालयांतल्या ९६ हजार रुग्णांची माहिती असल्याचा दावा होता. तो वाचून जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी थोडे दिवस थांबवली. पण जगभरच्या अभ्यासकांनी विचारले, ‘ही रुग्णालये कोणती? मूळ माहिती दाखवा.’ ती देणारी सर्जिस्फिअर नावाची कंपनी माहिती दाखवू शकली नाही. ४ जूनला, म्हणजे १३ दिवसांत, निबंध मागे घेतला गेला.

पहिल्या वेळी १२ वर्षे लागली आणि दुसऱ्या वेळी १३ दिवस. फरक पडला तो छापल्यानंतर प्रश्न विचारणाऱ्यांच्या संख्येमुळे. म्हणजे खरी तपासणी निबंध छापल्यावर संपत नाही.

पैसे भरा आणि छापून घ्या

ज्यांच्याकडे अशी चाळणीच नाही, अशीही दुकाने आहेत. नाव भारदस्त असते, ‘इंटरनॅशनल’ असते, ‘पीअर रिव्ह्यू होतो’ असे लिहिलेलेही असते. पैसे भरले की काही दिवसांत निबंध छापून मिळतो. सगळीच फी घेणारी जर्नले वाईट नसतात. काही चांगली जर्नलेही लेखकाकडून खर्च घेतात आणि वाचकाला लेख फुकट देतात. पण तपासणी न करता पैसे घेणे ही फसवणूक आहे.

अमेरिकेच्या ‘सायन्स’ या साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने कर्करोगाच्या औषधाविषयी खोटा, ढोबळ चुकांनी भरलेला निबंध तयार केला. लेखकाचे नाव आणि संस्था बनावट. तो ३०४ जर्नलांकडे पाठवला. १५७ जर्नलांनी स्वीकारला. हे २०१३ साली छापून आले. आपल्या देशातही विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ जर्नले काढून टाकली. तेव्हा चूर्णवाल्याच्या पत्रकावर एखाद्या जर्नलचे नाव असणे म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

एक निबंध म्हणजे शेवटचा शब्द नव्हे

प्रामाणिक, मोठ्या जर्नलमधला, नीट तपासलेला निबंधही शेवटचा नसतो. सिकलसेलसाठी व्हॉक्सेलोटॉर नावाचे औषध आले. २७४ रुग्णांवरचा निबंध २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला गेला. हिमोग्लोबिन वाढल्याचे त्यात दिसले आणि अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. पुढे जमलेल्या माहितीत, औषध घेणाऱ्यांत वेदनांचे झटके आणि मृत्यू जास्त असल्याची चिन्हे दिसली. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने ते औषध जगभरातून मागे घेतले. हिमोग्लोबिन वाढणे आणि माणसाचा त्रास कमी होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हायड्रॉक्सीयुरियाचे मात्र उलट झाले. पहिल्या निबंधानंतर वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वयाच्या रुग्णांवर अभ्यास झाले आणि फायदा पुन्हा पुन्हा दिसला. नागपूरच्या डॉक्टरांनी ६० मुलांवर ठरावीक कमी मात्रेचा अभ्यास केला. तो ‘हिमोग्लोबिन’ नावाच्या जर्नलमध्ये २०१२ मध्ये आला. त्या मुलांचेही झटके कमी झाले. आज दवाखान्यात ही गोळी मिळते, तेव्हा तिच्यामागे एका निबंधाचा नव्हे, तर अनेकांनी अनेकदा तपासलेल्या कामाचा आधार असतो.

इथे एक हिशेब मांडू. मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ साली निबंध आला होता. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. तिथपासून नागपूरच्या मुलांवरच्या त्या औषधाच्या निबंधापर्यंत ५४ वर्षे गेली. अमेरिकेत हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीयांना होतो, आणि तिथेही त्याच्या संशोधनाला हात आखडता घेऊन पैसा मिळाला. परीक्षक फक्त समोर आलेला निबंध तपासतो. जो अभ्यास कोणी केलाच नाही, त्याची तपासणी कोण करणार? म्हणून आपल्या मुली-मुलांनी नर्स, डॉक्टर व्हावे, तसेच संशोधक आणि परीक्षकही व्हावे. आणि कोणी आपल्यावर अभ्यास करायला आले तर समजून घेऊन, संमतीपत्राची प्रत मागून, नको असेल तर नकार देऊन त्यात भाग घ्यावा. नकार दिला म्हणून दवाखान्यातले उपचार बंद होत नाहीत.

घरी काय करायचे?

‘संशोधनाने सिद्ध’ असे कोणी म्हटले की पुढचे प्रश्न विचारा:

१. कोणत्या जर्नलमध्ये, कोणत्या वर्षी छापले? निबंधाचे नाव लिहून द्या.
२. अभ्यास माणसांवर झाला, की उंदरांवर किंवा काचेच्या नळीत?
३. किती माणसे होती? तुलनेचा गट होता का?
४. पैसा कोणी दिला? सांगणाराच विकणारा आहे का?
५. दुसऱ्या कोणी तसाच अभ्यास केला का? तो निबंध मागे तर घेतला नाही ना?

उत्तर देण्याऐवजी सांगणारा रागावला, तर तेच त्याचे उत्तर समजा. निबंधाचे नाव मिळाले तर ते घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे किंवा वस्तीतल्या शिकणाऱ्या मुला-मुलींकडे जा. जर्नलच्या संकेतस्थळावर मागे घेतलेल्या निबंधावर तशी नोंद असते. ती पाहायला मोबाईल पुरतो.

आणि हे विसरू नका: सिकलसेलच्या मुलाची चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ताप आला, छातीत दुखू लागले, श्वास लागला, पोट फुगून मूल पांढरे पडले किंवा हातपाय लुळे पडले, तर घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच रुग्णालय गाठा.

विहारातल्या रविवारच्या चर्चेसाठी

- घरी आलेले आरोग्याविषयीचे एक पत्रक किंवा मोबाईलवरचा एक संदेश आणा आणि वरचे पाच प्रश्न त्याला लावून पाहा.
- लेखकाचे नाव झाकून तपासणी करणे चांगले, की सगळ्यांची नावे उघड ठेवणे? दोन गट करून बाजू मांडा.
- आपल्या वस्तीतल्या कोणत्या आजारावर अभ्यास व्हायला हवा? यादी करून आमच्याकडे पाठवा. पुढच्या पानांसाठी आम्ही ती वापरू.

जय भीम, नमो बुद्धाय.